आंबवलेल्या चहाच्या मॅडम

मॅडमसमोर कुठल्याही गोष्टीचं कौतुक केलं की त्या एकच विचारायच्या, "किती टक्के?"

कुणी डब्यात काजूची उसळ आणली, काजू किती टक्के? कुणी नवी साडी दाखवून सिल्क आहे म्हणालं, तर पदर दोन बोटांत चोळून, सिल्क किती टक्के? आमच्या अकाउंट्सवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मुलगी कशी अगदी साधी, घरगुती आहे ते तो कँटीनमध्ये सांगायला लागला, तेव्हाही त्यांनी चष्म्यावरून बघत तेच विचारलं होतं. त्यात थट्टा नसायची. त्यांना खरंच आकडा हवा असायचा. तो मिळाला नाही की त्या "बरं" म्हणून पुन्हा जेवायला लागायच्या, आणि सांगणाऱ्याला वाटायचं की आपण उगाच तोंड उघडलं.

आमचा कारखाना डोंबिवली एमआयडीसीत. दुसऱ्यांच्या नावाची क्रीमं, फेसवॉश आणि सीरम तिथे बनायची. ब्रँड कुणाचाही असो, बाटली आमच्याकडे भरली जायची. मॅडम लॅबच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. मी कोपरला राहायचे, त्यामुळे मला कारखाना जवळ. त्या ठाण्याच्या. शेठनी गाडी देऊ केली होती, पण गाडीत एसीचा आणि ड्रायव्हरच्या अत्तराचा वास येतो म्हणून त्या खोपटच्या डेपोवरून एसटी धरायच्या आणि शीळच्या रस्त्यावरची सगळी धूळ खात यायच्या. धुळीचा वास चालतो, म्हणायच्या. तो प्रामाणिक असतो.

वासावरून त्यांनी अख्ख्या लॅबचा जीव खाल्ला होता. मी नवीन असताना एकदा बॉडी स्प्रे मारून गेलेले. त्यांनी मला दारातच थांबवलं.

"जा, मान आणि हात धुऊन ये. नाहीतर आज मला लॅव्हेंडरशिवाय काही कळायचं नाही."

मी गेले, साबणाने धुऊन आले. तर म्हणाल्या, "आता साबणाचा येतोय," आणि मला दिवसभर खिडकीजवळ बसवलं. घरी येऊन मी आईला सांगितलं की ही बाई वेडी आहे. आई म्हणाली, महिनाभर बघ आणि मग सोड. मी नऊ वर्षं राहिले.

त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत नेहमी बॉलपेनने आकडे लिहिलेले असायचे. जे काही नवीन बनेल ते आधी तिथे लागायचं, प्रत्येक नमुन्याला एक नंबर. संध्याकाळपर्यंत चार नंबर लाल झाला का, दोन नंबर चिकट आहे का, हे त्या एसटीत बसून बघायच्या. एका कंडक्टरने त्यांना अगदी काळजीने सांगितलं होतं की ताई, हिशेब कागदावर करत जा, घामाने पुसला जाईल.

आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. खोक्यावर जे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, केशर, चंदन, कोरफड, हळद, ते बाटलीत अगदी नावाला असतं. बाकी पाणी, ग्लिसरीन आणि ते घट्ट करायला काहीतरी. लॅबमध्ये आम्ही त्याला चिमूटच म्हणायचो. "आज कसली चिमूट आहे?" असं सकाळी विचारायची पद्धत होती. कायद्याने त्यात खोटं काही नाही. केशर लिहिलंय, केशर आहे. किती आहे ते कुणी विचारत नाही. विचारणारी एकच बाई होती आणि तिच्याच हातून या चिमटी पडत होत्या. तीस-एक वर्षं मॅडमनी हेच केलं. त्यांच्या हाताला इतकी सवय झाली होती की चिमूट टाकताना त्या बघायच्यासुद्धा नाहीत, तोंड दुसरीकडे करून टाकायच्या.

रिटायर व्हायला वर्षभर उरलं तेव्हा एकदा डबा खाताना त्या म्हणाल्या, "एक बाटली अशी जाऊ दे गं आपल्या गेटमधून, की जे वर लिहिलंय ते आत आहे. एकच. मग मी घरी जाते."

मला तेव्हा ते फार मोठं मागणं वाटलं नाही. आता याच धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर मला त्याचं वजन कळतं, आणि खरं सांगायचं तर कळून आणखी थकायलाच होतं.

संधी आली ती बाळकुमच्या एका उंच टॉवरमधून. तिथे एका तरुण मुलाने स्वतःचा ब्रँड काढला होता. काचेचं ऑफिस, कुंड्या, कॉफीचं मशीन. मुलगा गोड होता. आम्हाला बसवलं, पाणी विचारलं, आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवून म्हणाला, "मॅम, फर्मेंटेड ग्रीन टी. बाहेर सगळे तेच यूज करतायत. स्किन एकदम काचेसारखी. आपल्याला त्याचं सीरम पाहिजे."

"किती टक्के?" मॅडमनी विचारलं.

"पर्सेंट तुम्ही बघा ना मॅम. मला फक्त कार्टनवर मोठ्ठं पाहिजे."

खाली रिक्षात बसल्यावर मॅडमनी माझा हात धरला. नऊ वर्षांत हे पहिल्यांदा. "टक्के तुम्ही बघा म्हणाला ना? तू ऐकलंस ना?"

मी ऐकलं होतं. मला त्याचा अर्थ निराळा लागला होता, पण त्यांचा चेहरा बघून मी "हो, म्हणाला" एवढंच म्हटलं.

शेठनी डोक्याला हात लावला. "बाई, तयार अर्क मिळतो बाजारात. छोटी बाटली आणू, वर्षभर पुरेल."

"वर्षभर पुरेल म्हणूनच नको," मॅडम म्हणाल्या. "मी बनवते. सीरममध्ये पाण्याच्या जागी निम्मा तोच घालू. पन्नास टक्के."

शेठ आणि त्या एकाच वयाचे, कारखान्याची पहिली भट्टी दोघांनी मिळून पेटवलेली. शेवटी ते म्हणाले, "करा. पण तारखेला बाटली भरलेली पाहिजे."

बॉयलरच्या मागच्या खोलीत उबदार हवा असते म्हणून तिथे स्टीलचे ड्रम मांडले. ग्रीन टीचा काढा, थोडी साखर, आणि दह्यात असतात त्या जातीचे जिवाणू. अकाउंट्सवाला येऊन म्हणाला, "मॅडम, ग्रीन टी आंबवला की आपला साधा चहा होतो ना? मग दूध घालून मला एक कप द्या." मॅडमनी त्याला उभं करून समजावलं की साधा चहा काळा होतो तो पानातल्या रसाला हवा लागून, आणि हे आंबणं दह्याचं, इडलीच्या पिठाचं आहे. त्याला विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

आंबणं आणि नासणं यात फरक काय, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नाही. आंबवताना कुणीतरी लक्ष ठेवून असतं, एवढंच."

आणि लक्ष तर त्यांनी असं ठेवलं की बस. सकाळी आल्या आल्या चपला काढायच्या आधी ड्रमकडे. झाकण किलकिलं करून वास घ्यायचा, आंबटपणा मोजायचा, झाकणावर हात ठेवून थोडा वेळ उभं राहायचं. पहिले काही दिवस उकडलेल्या गवताचा वास आला. मग तो आंबूस झाला, मग फळासारखा. तो जिन्यावरून खाली पॅकिंग हॉलमध्ये उतरला.

पॅकिंगला सगळ्या बायका. आजूबाजूच्या जुन्या गावांतल्या, बऱ्याचशा आगरी-कोळी घरांतल्या. त्यांच्यात थोरली हिराबाय. तिच्या सासऱ्याची खाडीत होडी होती. आता खाडीत काही मिळत नाही म्हणून ती आमच्याकडे बाटल्यांना झाकणं लावायची. तीच पहिली वर आली.

"मॅडम, काय मुरत घातलाय?"

"चहा."

"चा? चा कोन मुरवतं?"

मॅडमनी तिला आत नेलं. मग बाकीच्यांना, चार-चार जणींना, टोप्या घालून. झाकण उघडून प्रत्येकीला वास दिला. "तुम्हीच भरणार ना हे? मग काय भरताय ते बघून ठेवा." त्या बायका कित्येक वर्षं तिथे कामाला होत्या, आणि बाटलीत काय आहे हे त्यांना कुणी कधी दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून तो 'आपल्या मॅडमचा चा' झाला. जेवणाच्या सुट्टीत मला गाठून विचारायच्या, "चा झाला का?" जणू पलीकडच्या खोलीत कुणी बाळंतीण होती.

मग जे झालं ते इतकं साधं होतं की आजही कुणावर चिडता येत नाही.

ड्रमवर चिठ्ठी लावावी लागते. चिठ्ठी स्टोअरच्या कॉम्प्युटरमधून निघते, आणि त्या कॉम्प्युटरला 'ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट' एवढंच माहीत होतं. आंबवलेला वगैरे नावाचा माल त्यात नव्हता. नवा माल चढवायचा तर स्टोअरवाला महिनाभर फिरवतो. मॅडमनी चिठ्ठी हातात घेऊन कपाळाला आठ्या घातल्या. "अर्धंच आहे हे," म्हणाल्या. "राहू दे. नंतर बदलू." आणि चिकटवली.

त्याच महिन्यात क्वालिटीला सावंत नावाचा नवीन माणूस आला होता. आधी इंजेक्शनं बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथे बाटलीत एक जंतू सापडला तरी नोकरी जाते. मॅडम चहाचं काहीतरी करतायत, एवढंच त्याला माहीत. कच्च्या मालाची तपासणी निघाली, त्याने 'ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट'चा नमुना नेला आणि जंतू उगवतात का ते बघायला काचेच्या बशीत ठेवला. निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. निकाल आला त्या दिवशी मॅडम बहिणीच्या ऑपरेशनसाठी पुण्याला, मी खोक्याचा छापील नमुना बघायला बाळकुमला. सावंतला दिसली जंतूंनी गच्च भरलेली बशी. मोजताही येईनात इतके. नियम काय सांगतो? माल बाद, ताबडतोब नष्ट करा, बाकीच्या मालाला लागण होऊ देऊ नका. त्याने सगळे ड्रम ब्लीचच्या पाण्याने मारले, सांडपाण्याला लावले, घासून उपडे घातले. एकट्याने. जेवायलासुद्धा गेला नाही.

मॅडम परत आल्या तेव्हा तो लॅबच्या दारातच उभा होता.

"मॅडम, वाचलो आपण. तुमचा चहाचा माल पूर्ण कंटॅमिनेट झालेला. पण मी वेळेत पकडला."

मी मागे होते. मला वाटलं आता काहीतरी फुटणार. मॅडमनी पिशवी टेबलावर ठेवली, बॉयलरमागच्या खोलीत जाऊन उपडे ड्रम बघून आल्या आणि म्हणाल्या, "ती बशी आहे का?"

त्याने आणून दिली. त्यांनी ती खिडकीसमोर धरली. पांढरे, मोत्यासारखे ठिपके, एकालाएक लागून.

"काय सुंदर वाढलेत रे," त्या म्हणाल्या.

सावंतचा चेहरा तेव्हा कुठे उतरला. तो काहीतरी बोलायला लागला, पण त्यांनी हाताने थांबवलं. "तुझं चुकलं नाही. चिठ्ठीवर मी अर्धंच लिहिलं. पूर्ण लिहिलं असतं तर तू वाचलं असतंस." आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोक्यांवर काय लिहिलंय म्हणून जिवाला लावून घेतलेली बाई, आणि तिचंच एक लेबल अर्धं राहिलं. मला रडू आलं, त्या मात्र बेसिनवर जाऊन ती बशी धुवायला लागल्या.

विरजण फ्रिजमध्ये शाबूत होतं. चार-पाच आठवडे दिले तर पुन्हा सगळं लावता आलं असतं. शेठनी स्पीकरवर बाळकुमला फोन लावला.

"मॅम, लाँच फिक्स आहे," मुलगा म्हणाला. "ज्या मुली व्हिडिओ बनवणार त्या बुक झाल्यात. आता हलवता नाही येणार."

"मग खोक्यावरून फर्मेंटेड काढा," मॅडम म्हणाल्या.

"खोके छापून आले मॅम." मग खरंच न कळून त्याने विचारलं, "पण थोडंसं टाकलं तरी चालतं ना? म्हणजे, लीगली?"

"चालतं," मॅडम म्हणाल्या. त्यांना नाही म्हणता आलं असतं. पण ते खरं नव्हतं.

तयार अर्काची छोटी बाटली आली. फॉर्म्युल्याच्या कागदावर मॅडमची सही लागायची. लायसन्सवर त्यांचं नाव, दुसऱ्या कुणाची सही चालली नसती. कागद दोन दिवस टेबलावर पडून राहिला. मॅडम त्याच्या आजूबाजूने काम करत होत्या. तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः वर आले. स्टुलावर बसले. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"बाई, सही नाही केलीत तर मी तुम्हाला शब्द बोलणार नाही. तुम्ही मला ओळखता. फक्त एकदा खाली बघून या."

आम्ही दोघी गेलो. पॅकिंग हॉलला मोठी काच आहे. त्या उन्हाळ्यात काम इतकं कमी होतं की रोज सकाळी निम्म्या बायकांना गेटवरूनच परत पाठवायचे. या ऑर्डरसाठी सगळ्यांना बोलावलं होतं. सगळ्या ओट्यावर बसल्या होत्या, टोप्या घालून, समोर रिकाम्या बाटल्यांच्या रांगा. हिराबायने आम्हाला बघितलं आणि बाटली उचलून हातानेच विचारलं, कधी येतोय?

मॅडम काचेपासून बाजूला झाल्या. जिना चढताना मधे एकदा कठड्याला धरून थांबल्या. वर जाऊन सही केली आणि मला म्हणाल्या, "टाक." ती एक चिमूट मी टाकली. मला त्यांचा राग आला नाही, शेठचाही नाही, त्या मुलाचासुद्धा नाही. फक्त घरी जाऊन कुणाशीही न बोलता झोपावंसं वाटलं.

माल गेला आणि चांगला खपला. अकाउंट्सवाला मोबाइलवरून वाचून दाखवायचा, पहिल्याच दिवशी ग्लो आला, नवऱ्याने विचारलं काय लावलंस. मॅडम ऐकून घ्यायच्या. "पाणी आणि ग्लिसरीन चांगलंच असतं," म्हणायच्या. "वाईट काही नाही त्यात." फ्रिजमधलं विरजण त्यांनी एक दिवस टाकून दिलं. पुन्हा लावू या का, असं मी विचारलं होतं, पण आता मुदत किती उरलीय आणि ऑर्डर कुठाय, असं त्या म्हणाल्या. पुढचे महिने त्यांनी वेळेवर येऊन वेळेवर जाण्यात काढले.

पॅकिंगच्या बायकांना कुणी काही सांगितलं नाही. लपवलं असं नाही. त्यांना काही सांगायचं असतं, हे मॅडमशिवाय कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि मॅडम तर सहीच्या दिवसापासून त्या हॉलकडे फिरकल्या नव्हत्या.

निरोपाच्या दिवशी कँटीनमध्ये सामोसे होते, वेफर्स होते. शेठनी शाल-नारळ दिला. बोलायला उठले, पहिल्या भट्टीची आठवण काढली आणि वाक्य अर्धं सोडून खाली बसले. सावंतने पाया पडून घेतलं. टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागून पॅकिंगच्या बायका पुढे आल्या. हिराबायच्या हातात चकचकीत कागदात बांधलेलं छोटं खोकं होतं.

"आमी सगल्यांनी मिलून घेतलाय," ती म्हणाली. "भाचीनी मोबाइलवरून मागवला."

मॅडमनी कागद सोडला. तेच सीरम. खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात तेच. आमच्याकडे गेटवर पिशव्या तपासतात, एक बाटली बाहेर जात नाही. त्या बायकांनी हजारो बाटल्यांना झाकणं लावली आणि त्यातलं काही कधी बोटाला लावून बघितलं नव्हतं. ही त्यांनी छापील किमतीला विकत घेतली होती.

"तुमचा चा हाय यात," हिराबाय म्हणाली. "तुमी सगल्यांसाटी मुरवलात, तुमी सोता कवा लावनार? लावून बगा ना मॅडम."

मी मॅडमकडे बघितलं नाही. माझ्याच्याने होईना. शेठ नारळाच्या पिशवीशी चाळा करत होते. बायका वाट बघत उभ्या होत्या.

मॅडमनी झाकण फिरवलं. दोन थेंब बोटांवर घेतले आणि गालाला लावले, सावकाश, दोन्हीकडे. मग बोटं नाकाशी नेऊन डोळे मिटले.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "चहा कळतोय यातला."

"बोलली ना मी," हिराबाय मागे वळून म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "या, तुम्हीही बघा," आणि एकेकीचा हात हातात घेऊन त्यावर थेंब घालत गेल्या. सगळ्या जणींनी हात नाकाशी नेले, आणि सगळ्या जणींना चहाचा वास आला.